लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी

आईचा फोन सकाळी साडेसातला आला. "लिफ्ट बंद आहे. आड भरलाय. येताना भाजी तूच आण," एवढं सांगून तिने ठेवूनही दिला.

आड म्हणजे लिफ्ट. हे बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. नारायण पेठेतला आमचा वाडा २०१० साली पाडला. त्या जागी खाली पार्किंग आणि वर पाच मजले अशी इमारत उभी राहिली, आणि वाड्याच्या चौकात जिथे आड होता नेमका तिथे लिफ्टचा डक्ट आला. दर वर्षी श्रावणाच्या आगेमागे लिफ्टच्या खड्ड्यात पाणी चढतं. मग लिफ्ट बंद, पंप सुरू, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आरडाओरडा. वॉटरप्रूफिंगवाला येतो, भिंतींना काहीतरी काळं फासतो, दहा वर्षांची हमी देतो आणि पुढच्या श्रावणात फोन उचलत नाही. फ्लॅट विकत घेऊन आलेली मंडळी त्या खड्ड्याला 'पिट' म्हणतात. आम्ही जुने भाडेकरू आडच म्हणतो. "आडापाशी थांब, मी खाली येते," असं आई म्हणाली की लिफ्टच्या दाराशी थांबायचं असतं.

मी राहते कोथरूडला. हल्ली मेट्रोने डेक्कनला उतरायचं आणि लकडी पुलावरून चालत पेठेत शिरायचं, ही माझी ठरलेली वाट. डेक्कनच्या स्टेशनाला पगडीचा आकार दिला आहे. एखादी वस्तू पुण्याची आहे हे पटवायचं असलं की तिला पगडी घालायची, हा आपल्याकडचा बारमाही उपाय. स्टेशन चांगलं आहे, सरकते जिने चालू असतात. बोडकं असतं तरी मी तिथेच उतरले असते. पुलापाशी आलं की डोक्यावरून मेट्रोचा मार्ग आडवा जातो. त्याच्याखालून विसर्जनाचे रथ जाणार नाहीत म्हणून २०२१ साली गणेश मंडळांनी हरकत घेतली होती आणि काम काही काळ थांबलंही होतं. इतर शहरांत पूल बांधताना खालून जाणाऱ्या जहाजांची उंची मोजत असतील, आमच्याकडे गजाननाची मोजतात.

खालच्या पुलाचं सरकारी नाव छत्रपती संभाजी महाराज पूल. लोक लकडी पूलच म्हणतात, आणि त्यातलं लाकूड आज हयात असलेल्या कुणीही पाहिलेलं नाही. पत्ता सांगताना आपण नसलेल्या वस्तूंवर बिनदिक्कत विसंबतो. फडके हौद म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. त्या हौदाचं पाणी ना त्याने प्यायलेलं असतं ना आपण. हे हौद म्हणजे जुन्या पुण्याची नळयोजना. अठराव्या शतकाच्या मध्याला, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला बांध घालून पाणी अडवलं आणि जमिनीखालच्या दगडी नळातून ते पेठांमधल्या हौदांत आणि शनिवारवाड्यात खेळवलं. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि गाव उतारावर, एवढ्याच भांडवलावर सगळा कारभार. वाटेत ठिकठिकाणी वर उघडणारे उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा कोंडत नाही आणि आत उतरून गाळ काढता येतो. स्थापत्यातल्या एका भोकाला उच्छ्वास म्हणणाऱ्या माणसाने पाण्याकडे किती वेळ बघितलं असेल, असं मला नेहमी वाटतं. २९ सप्टेंबर २०२४ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट ही भुयारी मेट्रो सुरू झाली, तिची कसबा पेठ आणि मंडई ही स्टेशनं जमिनीखाली आहेत. म्हणजे पेठांच्या पोटात आता पाण्याचंही भुयार आहे आणि माणसांचंही. वरच्या माणसाला दोन्हींचा पत्ता लागत नाही.

कात्रजचं पाणी आमच्या वाड्यापर्यंत कधी आलं नाही. आमचा आपला आड.

अलका चौक ओलांडून आत शिरलं की रस्त्याचे दात दिसायला लागतात. विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ कधीची मारून ठेवलेली आहे, पण पेठेत सरसकट पाडापाडी करून रस्ता रुंद करणं कुणाला जमलेलं नाही. त्यामुळे जो वाडा पडतो त्याच्या जागी होणारी इमारत तेवढी रेघेमागे सरकते. शेजारचा वाडा उभा असेल तर तो आपल्या जागी ठाम. एक इमारत मागे, एक पुढे, दोन मागे, मध्येच एक लोखंडी कठड्याची गॅलरी पार रस्त्यावर आलेली. बोळकं म्हणावं तर दात आहेत, कवळी म्हणावी तर मधल्या हिरड्या दिसतात. सोडलेल्या जागेत रस्ता येत नाहीच. दुचाक्या येतात, शहाळ्यांची गाडी येते, मंडळाच्या कमानीचा पाय येतो. शेवटचा वाडा पडून रस्ता एकसलग रुंद होईल तोवर पहिल्या इमारतींचा पुनर्विकास आलेला असेल. तसा तो आलाच आहे. पानशेतच्या पुरानंतर बांधलेल्या, मोझॅकच्या फरशीच्या, साध्या तीन मजली इमारतींवर आता बिल्डरांचे फलक दिसतात. माझ्या लहानपणी त्या 'नव्या बिल्डिंगा' होत्या आणि त्यांत राहणाऱ्या मुली आम्हाला जरा श्रीमंत वाटायच्या.

आमचा वाडा काही प्रेक्षणीय नव्हता. नक्षीच्या महिरपी, हंड्या-झुंबरं, असलं काही नाही. घडीव दगडाचं जोतं, त्यावर विटामातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट. रस्त्याला एक दरवाजा, दरवाज्यात दिंडी. दिंडीतून वाकून आत गेलं की अंधारी देवडी आणि देवडी संपली की एकदम चौक. मध्ये आड, आडाशेजारी धुण्याचा दगड, कडेला प्राजक्त. चारी बाजूंना ओसऱ्या आणि त्यांच्यामागे खोल्या. अकरा बिऱ्हाडं. आम्ही दक्षिणेच्या बाजूला दोन खोल्या आणि त्यांच्यापुढची पडवी एवढ्यात सहा माणसं.

वाडासंस्कृतीवर लिहिणारे लोक म्हणतात की वाडा मोकळा होता, फ्लॅट बंदिस्त. हे माझ्या कधी पचनी पडलेलं नाही. रस्त्यावरून बघितलं तर वाड्याइतकी बंद वस्तू नाही. आंधळी भिंत, उंचावर एखादी खिडकी, दारात उभ्या माणसाला आतलं काही दिसू नये म्हणून वळण घेतलेली देवडी. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसायचा आणि सगळं तोंड आतल्या चौकाकडे. आताची इमारत बरोबर उलट. रस्त्याला बाल्कन्या, मोठ्या खिडक्या, काचा; आत जिन्यात मात्र मजल्यावर चार दारं आणि चारही लावलेली. मोकळेपणा तेवढाच असेल, फक्त त्याची दिशा फिरली. वाड्यात बाहेरच्यापासून लपता यायचं आणि आतल्यापासून नाही. फ्लॅटमध्ये आतल्यापासून लपता येतं. तरुणपणी यातलं मला काय हवं होतं, हे विचाराल तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन. वाड्यात राहून मी एकही पत्र एकटीने वाचलेलं नाही.

आणि आई तर वाड्याबद्दल कुणी हळहळलं की सरळ विचारते, "संडासाच्या रांगेत तुम्ही उभे होता का?" अकरा बिऱ्हाडांना मागच्या अंगाला दोन संडास होते. पहाटे पाचपासून टमरेलांची रांग. आजारी माणूस, बाळंतीण, पावसाचे दिवस, सगळ्यांना हाच नियम. नळ चौकात एकच, तो सकाळी दोन तास. बाकीचं पाणी आडाचं. आईने लग्न होऊन आल्यापासून पंचवीस-तीस वर्षं रोज पोहऱ्याने पाणी ओढलं. तिच्या उजव्या हाताच्या तळव्यात करंगळीखाली दोराचा घट्टा आहे, तो अजून गेला नाही. नव्या घरात पहिल्या दिवशी तिने काय केलं असेल? स्वयंपाकघरातला नळ सोडला, बाथरूममधला सोडला, बेसिनचा सोडला आणि मधल्या पॅसेजमध्ये उभी राहून तिन्ही नळांचे आवाज ऐकत राहिली. मग एकेक बंद केला. "पाणी वाया जातंय," म्हणाली.

आडाचंही सगळ्यांना सारखं नव्हतं. मी लहान असताना ते संडास टोपल्यांचे होते, आणि ते साफ करायला येणारी बाई मागच्या बोळातून यायची आणि तिथूनच जायची. चौकात ती कधी आली नाही. पाणी हवं असलं तर बोळाच्या दाराशी उभी राहून हाक मारायची आणि कुणीतरी वरून तिच्या बादलीत ओतायचं. कधी मीच. तेव्हा त्यात मला वावगं काही वाटलं नाही हे लिहितानाही अवघड जातंय. जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो १८६८ साली. आमच्या वाड्यापासून ते घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शंभर वर्षांनंतरही तेवढं अंतर चालून जाणं आमच्याकडे कुणाला जमलेलं नव्हतं. लिफ्टच्या दाराशी आज हातात झाडू घेतलेली बाई आणि पाचव्या मजल्यावरचे डॉक्टर एकत्र उभे असतात. चौक गेला याचं दुःख करताना हे मोजून वजा करावं लागतं.

तरी त्याच आडाने एकदा सगळ्या आळीला जगवलं. १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही गेलं आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्याखाली. तेव्हा वडील विशीत होते. ते सांगायचे की पाणी नदीकडून आलंच नाही, ते गटारांतून वर आलं. आधी न्हाणीत बुडबुडे आले, मग चौक भरला, आणि आड कुठे आणि चौक कुठे ते कळेनासं झालं. सगळे माडीवर, तिथून कौलांवर. विटामातीच्या भिंतींचं पाण्यात काय होतं ते पुण्याने त्या दिवशी पाहिलं: भिंती पडल्या नाहीत, विरघळल्या. आमच्या वाड्याचा मागचा सोपा बसला, पुढचा भाग जोत्याच्या उंचीमुळे तगला. कितीतरी कुटुंबं पेठ सोडून गोखलेनगरला, लोकमान्यनगरला, पूरग्रस्तांसाठी झालेल्या वसाहतींत गेली ती कायमची. पुण्याने पेठांबाहेर पाय पसरले त्याला इतर कारणं आहेतच, पण तो पाय त्या दिवशी जोरात ढकलला गेला.

पूर ओसरल्यावर गावात पाणीच नव्हतं. नळाचं पाणी खडकवासल्याचं, आणि खडकवासला रिकामा. तेव्हा पेठेतले जुने आड-विहिरी पुन्हा उपसायला काढल्या. आमच्या आडातून चार दिवस नुसता गाळ निघाला, त्यात एक पितळी समई आणि कुणाचातरी चष्मा. पाचव्या दिवशी झरे मोकळे झाले. पाणी उकळून प्यायचे, पण होतं. पलीकडच्या तीन वाड्यांची माणसं आमच्याकडे भरायला यायची, असं वडील अभिमानाने सांगायचे. मागच्या बोळातल्यांना ते पाणी कसं मिळालं, हे मी त्यांना विचारायला हवं होतं.

आता मालकांबद्दल. गोष्टीत मालक वाईट आणि भाडेकरू गरीब असावा लागतो, किंवा उलट. आमचे मालक आमच्यासारखेच होते, फक्त त्यांच्या खोल्या पूर्वेला आणि तीन जास्त. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली ती गोठलीच. आमचं भाडं महिना बावीस रुपये. पुढे भांडण झालं आणि मालकांनी भाडं घ्यायचं बंद केलं, तेव्हा वडील दर महिन्याला त्याच वाड्यात, चौकाच्या त्या बाजूला, मनीऑर्डर करायचे. पोस्टमन देवडीतून यायचा, आमच्या ओसरीवर पाणी प्यायचा, चौक ओलांडून मालकांकडे जायचा, मालक ती नाकारायचे आणि पोस्टमन पावती आणून वडिलांच्या हातात द्यायचा. ती पावती जपून ठेवायची. कोर्टात तीच कामाला येते. हे होत असताना मालकीणकाकू आणि आई आडापाशी बसून शेवग्याच्या शेंगा सोलत असायच्या. पुढे १९९९चा कायदा आला आणि २००० सालापासून भाडं दर वर्षी चार टक्के वाढवायची मुभा मालकांना मिळाली. बावीस रुपयांवर चार टक्के म्हणजे अठ्ठ्याऐंशी पैसे. अकरा बिऱ्हाडांचे मिळून दहा रुपयेही होईनात, आणि एक तुळई बदलायला हजारो लागत. मग त्यांनी वाडा पडू दिला. आम्हीही आमच्या खिशातून त्यांच्या वाड्याला खिळा मारणार नव्हतो. दोन्ही बाजू कायद्याने बरोबर होत्या आणि मधल्या मध्ये उत्तरेच्या भिंतीत पिंपळ उगवला.

पिंपळ हाताएवढा झाला तेव्हा टेकू लागले. मग दर मे महिन्यात महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस. ती दिंडीवर चिकटवायचे, आम्ही तिच्याशेजारी मंडळाच्या वर्गणीचा कागद चिकटवायचो. शेवटी २००८ साली एक बिल्डर आला. हसतमुख, चंदनाचं गंध लावणारा. भाडेकरूंना वापरात होती तेवढी जागा फुकट, वाढीव हवी तर भावाने, मालकांना त्यांचा हिस्सा, वरचे मजले विकायचे, असा सर्वसाधारण हिशेब. यात भांडण कशावरून व्हावं? पडवीवरून. आमच्या भाडेपावतीवर 'दोन खोल्या' लिहिलेलं, पडवीचा उल्लेखच नाही. पण जन्मभर आम्ही जगलो ते पडवीत. वडील तिथे पेपर वाचायचे, आम्ही तिथे अभ्यास केला, उन्हाळ्यात तिथे झोपलो, आजी तिथेच गेली. वकील म्हणाले, तो 'सामाईक वापर' आहे, क्षेत्रफळात धरता येणार नाही. आठ महिने टेपा लावल्या, काढल्या. शेवटी अर्धी पडवी धरली. अर्धी पडवी हे वास्तुरचनेतलं एकक माझ्या माहितीत फक्त आमच्याकडे आहे. आईच्या बेडरूमच्या खिडकीखाली अडीच फुटांची एक पट्टी आहे, तिला ती पडवीच म्हणते आणि तिथे कुणाला कपाट ठेवू देत नाही.

वाडा पाडायला किती दिवस लागले? बारा. आधी लाकूड मोजायला माणूस आला. सागवान पाडकाम करणाऱ्याच्या वाट्याला जातं, त्यावर सौदा ठरतो. तो खांबावर नखाने टिचकी मारून आत पोकळ आहे की भरीव ते सांगत होता, टरबूज घेताना मारतात तशी. तुळया उतरल्यावर भिंतींना काही आधारच उरला नाही, त्या बसल्याच. सामाईक भिंतीमुळे शेजारच्या वाड्यावर आमच्या घराचा ठसा राहिला होता. निळीची भुकटी घातलेला चुन्याचा रंग, जिन्याची तिरकी रेघ, देवाच्या कोनाड्यातली काजळी. दीड वर्ष ती काजळी उघड्यावर होती, कारण तेवढं काम बंद पडलं होतं. बिल्डरचा हसरा चेहरा दिसेनासा झाला, तात्पुरत्या घरांचं भाडं थकलं, आम्ही धायरीच्या एका खोलीत दिवस काढले. वडील तिथेच गेले. ताबा मिळाला २०१४ साली. अकरा बिऱ्हाडांपैकी परत आली सात.

पायाच्या खोदाईच्या वेळी मी गेले होते. जेसीबीने आडाचा काठ खरवडला तेव्हा आतली दगडी बांधणी गोल, स्वच्छ दिसली, एकही दगड हललेला नव्हता. मुकादम मराठवाड्यातला होता. त्याने काम थांबवलं, म्हणाला, "ताई, जितं पाणी हाय. असं बुजवू नये." साइटवरच्या इंजिनिअरने नकाशा दाखवला, लिफ्टची जागा मंजूर होऊन आली होती, चार फूट सरकवायची तर सगळं परत महापालिकेकडे न्यावं लागलं असतं. मुकादमाने एक नारळ फोडला, हळदकुंकू टाकलं, आणि वाड्याच्याच विटा-मातीने आड भरला. त्याला आणि मला दोघांनाही कळलं होतं की हे पुरणार नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आमच्याकडे आडात आहे, पोहराच राहिला नाही.

माझी एक शाळेतली मैत्रीण शनिवार पेठेत राहते, शनिवारवाड्याच्या अगदी जवळ. तिचं दुखणं आमच्या बरोबर उलटं. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते, असा २०१० साली कायदा घट्ट झाला. त्यामुळे तिचा वाडा ना पडतो ना उभा राहतो. दुरुस्तीची परवानगी मिळते, पण दुरुस्त करण्याजोगं उरलंय काय? ज्या वाड्यासाठी हे सगळं, त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३०ची, आणि आतल्या इमारती १८२८च्या आगीत जळून गेलेल्या. उरला तो तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. "जळक्या वाड्यासाठी माझा जिता वाडा मरतोय," मैत्रीण म्हणते. मला शनिवारवाड्यापुढे बारा मजली काच नको आहे. पण तिच्या जिन्याची चौथी पायरी गेली आहे, तिथे फळी टाकली आहे, आणि तिचे सासरे पंच्याऐंशीचे आहेत. सरसकट शंभर मीटरची फूटपट्टी लावण्याऐवजी उंची किती, दर्शनी बाजू कशी, एवढंच बघून तीन मजली घर बांधू द्यायला काय हरकत होती? वारसा जपायचा म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांनी टेकूखाली झोपायचं, हे काही मला झेपत नाही.

आणि जुनं पुणं म्हणून आपण ज्याला कवटाळतो ते तरी केव्हा एकदाच बांधून झालं होतं? १८७९च्या आगीत बुधवारवाडा गेला, विश्रामबागवाड्याचंही मोठं नुकसान झालं आणि तो लोकांनी पुन्हा उभा केला. त्यानंतर काही वर्षांनी मंडईची टोकदार इमारत झाली, तेव्हा ती केवढी परकी वाटली असेल. तिच्यावर खर्च करण्यापेक्षा शिक्षणावर करा, असं नगरपालिकेत म्हणणारे जोतीराव फुले, आणि आज मंडईला नाव त्यांचंच. त्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली तो भिडेवाडा २०२३च्या डिसेंबरात रातोरात पाडला, तिथे स्मारक करायचं आहे म्हणून. पडायला आलेला वाडा तो. वर्षानुवर्षं कोर्टात अडकला होता. पाडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिथून गेले. पत्र्याच्या कुंपणाआड रिकामी जागा होती, आणि जागा इतकी लहान होती की मी थबकले. एवढ्याशा जागेत?

आईकडे पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. गुरुवार, महापालिकेचं पाणी बंद. टँकरचा जाड पाइप टाकीकडे गेलेला. आणि त्याच्या बाजूने, उलट दिशेने, लिफ्टच्या खड्ड्यातल्या पंपाचा पातळ पाइप बाहेर येऊन गटारात पाणी सोडत होता. नितळ पाणी. येणाऱ्या पाण्याचे पैसे, जाणाऱ्या पाण्याचेही पैसे. सेक्रेटरी पार्किंगमध्येच होते. तरुण आहेत, चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन आले आहेत. मी म्हटलं, "हे पाणी एका टाकीत घेऊन धुण्या-पुसण्याला वापरता येणार नाही का?" ते म्हणाले, "मीटिंगमध्ये ठेवलं होतं मॅडम. तीन जण म्हणाले लिफ्टचं घाण पाणी आम्ही वापरणार नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "हे खरंच विहिरीचं आहे?" मी त्यांना दगडी बांधणी कशी होती ते सांगितलं, समई सांगितली, चष्मा सांगितला. ते मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेत होते. वॉचमनची बायको तेवढ्यात पाइपाखाली दोन कळश्या भरून घेऊन गेलीही.

भाजीची पिशवी घेऊन तीन मजले चढले. आई दारातच उभी, हातात प्लास्टिकची बादली.

"कुंड्यांना घालायला आण जरा."

"वरच्या टाकीचं आहे की तुझ्या नळाला."

"त्याला क्लोरीन असतं. तुळस पिवळी पडते."

पुन्हा खाली गेले. पाइपाखाली बादली धरली. पाणी गार होतं, जुलैच्या त्या दमट हवेत मनगटापर्यंत झिणझिणी आणणारं. भरलेली बादली घेऊन पहिला मजला चढले, दुसऱ्यावर टेकले, कडी बदलून हात बदलला, जिन्यात बरंच हिंदकळलं. दोराऐवजी बादलीची तारेची कडी, एवढाच फरक. करंगळीखाली लाल वळ उठला होता. वर पोचून तिच्या त्या अडीच फुटांच्या पडवीत बादली ठेवली. आईने वाकून आधी हात बुडवला, कोपरापर्यंत, आणि तसाच ठेवला थोडा वेळ. मग माझ्याकडे बघितलं.

"अर्धीच का आणलीस?"